वाऱ्याला जपा

मांग इकिन यांची आणि माझी ओळख मोठ्यांच्या वाचनवर्गात झाली. मांग म्हणजे काका; सगळी गल्ली त्यांना तसेच म्हणे. ते आमच्याच गल्लीत, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी राहत असत आणि त्यांना मी अनेक वर्षे पाहत आले होते; परंतु पाहणे म्हणजे ओळख नव्हे. वस्तीच्या कार्यालयामागच्या खोलीत आम्ही काही वयस्क माणसे दुपारी अक्षरे शिकण्यास बसत असू. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. मांग इकिन आले ते दाराजवळच्या बाकावर बसले, आणि त्यांचा एक पाय बराच वेळ उंबऱ्याबाहेरच होता. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, आपण का शिकू इच्छिता? या प्रश्नाला आम्ही इतरांनी लांब व चांगली उत्तरे दिली होती. मांग इकिन म्हणाले, "मुलगी तैवानला चाललीय. ती फोनवर लिहून पाठवणार. ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

"शेजारीण तर इथंच बसलीय," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय, च्यू," ते म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

च्यू म्हणजे थोरली बहीण. त्या दिवसापासून ते मला च्यू ओनाह म्हणू लागले. वर्ग सुटल्यावर आम्ही एकाच वाटेने परत येत असल्यामुळे त्यांच्या घरातील गोष्टी मला हळूहळू समजत गेल्या.

मांग इकिन यांचा धंदा पक्ष्यांचे पिंजरे करण्याचा होता. आमच्या बोगोर शहरात पुरुषांना गाणाऱ्या पक्ष्यांचा फार नाद आहे. मांग इकिन बांबू पाण्यात मुरवून, वाळवून, चिरून त्याच्या काड्या इतक्या सारख्या तासत की त्या एकीवर एक ठेवल्या तर एकच काडी आहे असे वाटावे. प्रत्येक पिंजऱ्यासोबत ते कापडाची खोळ देत असत. त्यांची पत्नी हयात असताना ती खोळ शिवत असे. पुढे तेच शिवू लागले. संध्याकाळ झाली की पिंजऱ्यावर खोळ ओढायची, म्हणजे पक्ष्याला वारा लागत नाही, असा नियम होता. वाऱ्याला आम्ही सगळेच भितो. आमच्याकडे कोणाचे डोके जड झाले, पोट फुगले, अंग मोडून आले, तर अंगात वारा शिरला असे म्हणतात. मग पाठीला तेल चोळतात आणि नाण्याच्या कडेने लाल रेघा उठेपर्यंत पाठ घासतात. रेघा जितक्या लाल, तितका आत वारा जास्त.

त्यांची मुलगी येयेत. आई वारल्यानंतर बापलेकीत बोलणे फार कमी उरले होते. भांडण नव्हते. आई मध्ये बसून दोघांचे बोलणे इकडून तिकडे पोहोचवीत असे, आणि ती गेल्यावर ते काम करणारे कोणी राहिले नाही. येयेत तेव्हा मासे आणि सरपटणारे प्राणी विकणाऱ्या एका दुकानात कामाला होती. एके दिवशी तिने तेथून एक सरडा आणला. आपल्या कुंपणावर पळतो तो सरडा नव्हे. हा हिरवागार, संथ, रंग बदलणारा, डोक्यावर फेट्यासारखा तुरा असलेला, मुठीने फांदी धरून बसणारा होता. त्याचा एक डोळा पुढे पाही तेव्हा दुसरा मागे पाही. त्याच्यापुढे सगळ्यांना हात बांधून उभे राहावे लागते म्हणून येयेतने त्याचे नाव जुरागान ठेवले, म्हणजे शेठजी.

मांग इकिन यांना तो प्रथम आवडला नाही. "घरात माणसं दोन," ते मला म्हणाले होते, "त्यांतलं एक बोलत नाही. आता हा तिसरा आणलाय, तोही बोलत नाही."

परंतु जाण्याची वेळ आली तेव्हा येयेतने जुरागानला त्यांच्याच हाती सोपविले. त्या सकाळी मी निरोप द्यायला गेले होते, म्हणून हे बोलणे मी स्वतः ऐकले आहे. ओसरीवर जुरागानचा पिंजरा होता. तो माणसाच्या कमरेइतका उंच असून चारही बाजूंना आणि वर बारीक जाळी होती. आत कुंडीतले झाड, मनी प्लांटच्या वेली आणि आडव्या फांद्या होत्या. वर एक दिवा आणि बाजूला आकडे दाखवणारी लहानशी डबी होती. तिच्यात वरचा आकडा उष्णतेचा आणि खालचा ओलाव्याचा.

"अबाह, इकडे बघा," येयेत म्हणाली. आमच्याकडे वडिलांना अबाह म्हणतात. "सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचा. तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचं चाटतो. रात्री हा खालचा आकडा वर चढू दे. दिवसा उतरू दे."

"चढू दे, उतरू दे," मांग इकिन म्हणाले.

"आणि वाऱ्याला जपा."

"ते काय मला सांगायला हवं? जन्म गेला माझा पिंजऱ्यांत."

"जपा म्हणजे जपा, अबाह."

"जपतो गं. तू आपलं तिकडे जप."

येयेत तैवानमध्ये एका वृद्ध बाईंची शुश्रूषा करण्याच्या कामावर गेली. दर रविवारी, दुपारच्या उत्तरार्धाची नमाज झाली की तिचा फोन येत असे. मांग इकिन यांना फोन कानाशी धरून त्यातले चित्र पाहता येत नसे, म्हणून ते आवाज मोठा करून तो ओसरीवरच्या स्टुलावर ठेवीत. गल्लीतून जाणाऱ्याला सर्व ऐकू येई. त्या बोलण्यात जुरागानशिवाय दुसरा विषय नसे. त्याने रातकिडे किती खाल्ले, कात टाकली का, आज रंग कोणता आहे. परंतु एवढे बोलणे त्या घरात फार दिवसांनी होत होते. पुढे पुढे येयेत मध्येच विचारू लागली, "आणि तुम्ही जेवलात का, अबाह?" ज्या रविवारी तिने हे प्रथम विचारले, त्या दिवशी मांग इकिन माझ्याकडे उकडलेले सुरण घेऊन आले.

"जुरागाननं जेवण विचारून घेतलं माझं," ते म्हणाले. "हा प्राणी मोठा कामाचा आहे, च्यू. तो आहे तोवर ती फोन करणार. तो नसेल तर माझ्याशी ती काय बोलणार, बांबूबद्दल?"

आमच्या गावात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, तो घरचाच आहे. परंतु वर्षाच्या शेवटाकडे सालाक डोंगराकडून थंड वारा सुटतो, तेव्हा ओसरीत बसवत नाही. अशाच एका दुपारी मांग इकिन आजारी पडले. मी भात घेऊन गेले तेव्हा त्यांचे मित्र दादुन, जे संध्याकाळी गाडीवर आल्याचा गरम काढा विकतात, ते मांग इकिन यांची पाठ नाण्याने घाशीत होते.

"हळू रे! पाठ आहे, खवणी नव्हे," मांग इकिन ओरडत होते.

"च्यू, बघा या रेघा," दादुन मला म्हणाले. "आत वाराच वारा भरलाय. कांगना एक शीड बांधलं, तर फुकटात तैवानला पोचतील."

कांग म्हणजे थोरला भाऊ. मांग इकिन यांना हसू आले नाही. ते पालथे पडल्या पडल्या पिंजऱ्याकडे पाहत होते. वाऱ्याने जाळीआडची पाने हलत होती आणि जुरागान फांदीवर डुलत होता.

"मी सदरा घातला होता," ते म्हणाले. "वर बंडी होती. तरी शिरला. त्याच्या अंगावर काय आहे?"

"जुरागानच्या? रंग आहे."

"रंगानं वारा अडतो का, दादुन?"

"आता तुम्ही त्याची पाठ घासायला सांगू नका मला. चावेल तो."

बरे वाटू लागल्याबरोबर मांग इकिन कामाला लागले. त्यांनी आयुष्यात केलेल्या खोळींत ही सर्वांत उत्तम होती, असे मी म्हणेन. कापडाने आत अंधार होईल, म्हणून त्यांनी जाड पारदर्शक प्लास्टिक आणले. बांबूच्या काड्यांचा सांगाडा केला, त्यावर प्लास्टिक ताणून काठाला दोरा घातला आणि पुढे हात घालण्यापुरती एक झडप ठेवली. चारही बाजू आणि माथा बंद झाला. दिव्यासाठी ठेवलेल्या भोकाच्या कडेलाही त्यांनी कापडाची वळी लावली. गल्लीतले सर्वजण पाहायला आले व सर्वांनी वाखाणले. दादुन म्हणाले, "कांग, मला एक असली शिवा. पावसात गाडी लावून तिच्यात बसेन." आतल्या पानांवर पाण्याचे थेंब दुपारपर्यंत टिकू लागले. प्लास्टिकच्या आतून पाणी ओघळे. खालचा आकडा सकाळी नव्वद, दुपारी नव्वद.

"बघा च्यू," मांग इकिन मला म्हणाले, "पूर्वी आकडा दिवसा पडायचा बिचारा, निम्म्यावर यायचा. आता हलत नाही."

"येयेतनं दिवसा उतरू दे म्हटलं होतं ना?"

"उतरला तर उतरू दे, घाबरू नका, असं. पण उतरतच नसेल तर आणखी चांगलं."

हे मला पटले. कोणालाही पटले असते. आकडा वर राहणे हे चांगल्याचेच लक्षण वाटते.

रविवारी ते झडप वर करून फोन आत धरीत, त्यामुळे येयेतला पाने आणि जुरागान एवढेच दिसे.

"आकडा चढतो ना, अबाह?"

"चढतो म्हणजे? टेचात चढतो."

"आणि वाऱ्याला जपताय ना?"

"डोळ्यांत तेल घालून."

"शाब्बास," येयेत म्हणे, आणि दोघेही समाधानी होत.

काही आठवड्यांनी कुंडीतल्या मातीला आंबूस वास येऊ लागला. एका फांदीवर पांढरी बुरशी धरली. मांग इकिन यांनी ती फांदी काढून नवी तासून लावली. मग जुरागानने रातकिडे खाणे कमी केले. तो मान वर करून, नाक छताकडे लावून बसू लागला. तोंड किंचित उघडे असे. जवळ गेले की टिचकी वाजल्यासारखा बारीक आवाज येई, आणि तोंडाच्या कोपऱ्यात लाळेचा बुडबुडा दिसे.

मांग इकिन यांचे निदान झालेलेच होते. "शिरला," ते म्हणाले. "कुठून तरी शिरलाच." त्यांनी ओल्या बोटाने खोळीच्या सर्व कडा तपासल्या, जेथे शंका आली तेथे चिकटपट्टी लावली. कापसाच्या बोळ्यावर निलगिरीसारख्या वासाचे तेल घेऊन तो आत टांगला. ते तेल आमच्याकडे प्रत्येक बाळाच्या पोटाला लावतात. जुरागान काळपट पडला आणि त्याने दोन्ही डोळे मिटून घेतले.

"बघा, त्याला आराम पडला," दादुन म्हणाले.

मांग इकिन यांचा हात झडपेवर होता आणि तो काढून घ्यावा की आत घालावा हे त्यांना ठरवता येत नव्हते.

त्या रविवारी येयेतने पाहिले.

"अबाह, त्याचं तोंड उघडं का आहे?"

"जांभई देतोय. दुपार आहे ना."

"सरडे जांभई देत नाहीत. फोन जवळ न्या. आणखी जवळ. तो वर बघून श्वास घेतोय. किती दिवस असं चाललंय?"

"थोडा वारा शिरलाय. उतरेल."

"अबाह! उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या. उद्याच. मी पत्ता लिहून पाठवते."

"सरड्याला डॉक्टर? मला डॉक्टरला दाखवायला तू कधी—"

"अबाह, माझ्यासाठी न्या." पलीकडे त्या वृद्ध बाई त्यांच्या भाषेत हाक मारीत होत्या. येयेतने त्यांना उत्तर दिले आणि फोन बंद झाला.

पत्ता आला तो मांग इकिन यांनी स्वतः वाचला. मोठ्याने, अक्षर अक्षर लावून. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत चला म्हणून सांगितले, कारण डॉक्टरबाई जे बोलतील ते दोघांनी ऐकले तर अर्धे तरी लक्षात राहील. जुरागानला त्यांनी पक्ष्याच्या लहान पिंजऱ्यात ठेवले, वर खोळ घातली आणि आम्ही हिरव्या प्रवासी गाडीत चढलो.

"कोणता पक्षी आहे, मांग?" शेजारच्या बाईने विचारले.

"गात नाही तो," मांग इकिन म्हणाले.

"मग विकून टाका ना."

"मुलीचा आहे."

त्या बाईने खोळीचा कोपरा उचलून पाहिले आणि उरलेला प्रवास तिने ड्रायव्हरशेजारी बसून केला.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हप्सारी वयाने लहान होत्या. मांग इकिन त्यांना नेंग डॉक्टर म्हणाले, म्हणजे पोरी डॉक्टर, आणि त्यांनी ते हसून घेतले. त्यांनी जुरागानला हातावर घेतले, छातीला नळी लावली, तोंड उघडून बघितले, आणि मग विचारले, "याचं घर कसं आहे, पाक? जाळीचं ना?" पाक असे वडीलधाऱ्या पुरुषांना आदराने म्हणतात.

मांग इकिन यांचा चेहरा खुलला. सकाळपासून प्रथमच त्यांना स्वतःच्या माहितीतले काही विचारण्यात आले होते. त्यांनी सांगाडा, प्लास्टिक, दोरा, झडप, सर्व हातांनी हवेत काढून दाखविले.

"चारी बाजूंनी बंद?"

"चारी बाजूंनी. वरूनसुद्धा. मुंगीचा श्वास आत जायचा नाही."

डॉक्टरबाई लिहीत होत्या त्या थांबल्या. "आणि ओलावा?"

"नव्वद. दिवस-रात्र. हलू देत नाही."

"पाक," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ओला टॉवेल बादलीत टाकला आणि वर झाकण लावून ठेवलं, तर काय होतं?"

"वास मारतो."

"का?"

"कारण त्याला वारा—" मांग इकिन म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सांगितले की पाण्यात चूक नव्हती. रात्री ओलावा हवा, सकाळी फवारा हवा. परंतु ऊन वर येईपर्यंत पाने कोरडी झाली पाहिजेत, आणि त्यासाठी हवा खालून आत येऊन वरून बाहेर गेली पाहिजे. पाण्याला परत जाण्याची वाट ठेवली नाही तर त्याच ओलीत बुरशी आणि जंतू वाढतात व ते छातीत उतरतात. याच्या छातीत ते पुष्कळ उतरले आहेत. त्यांनी एक इंजेक्शन दिले, तोंडातून द्यायचे औषध दिले.

"बरा होईल ना, नेंग?"

"प्रयत्न करू, पाक. उशीर झालाय."

"किती उशीर?"

त्या म्हणाल्या, "हे प्राणी आजार लपवतात. दिसतो तेव्हा बराच झालेला असतो." हे उत्तर नव्हते, आणि ते तिघांनाही कळले.

बाहेर आल्यावर मांग इकिन पायरीवर बसले. पिंजरा मांडीवर होता. त्यांनी खोळ काढून टाकली, घडी केली, पुन्हा उलगडली.

"च्यू, तुम्ही होता त्या दिवशी. 'वाऱ्याला जपा' असंच म्हणाली ना ती?"

"असंच म्हणाली."

"लेकराला जपतात तसं म्हणाली होती ती," ते म्हणाले. "मी चोराला जपतात तसं ऐकलं."

शब्द तोच होता. मीही तो त्यांच्यासारखाच ऐकला होता.

घरी येताच त्यांनी खोळ उतरविली. फाडली नाही, दोरा उसवून काढली, कारण फाडणे त्यांच्या हाताला येत नव्हते. कुजकी माती फेकली, फांद्या उन्हात ठेवल्या. जुरागानला टोपलीत बसवून त्यांनी रिकाम्या पिंजऱ्याच्या तळाशी डासांची उदबत्ती लावली आणि धूर कोठे जातो ते पाहत बसले. प्रथम धूर मध्येच घोटाळत राहिला. त्यांनी पिंजरा भिंतीपासून पुढे ओढला, खाली विटा ठेवून तो उचलला, दाट वेल विरळ केली, आणि माथ्यापाशी एक लहान पंखा असा लावला की त्याचा झोत प्राण्यावर न येता आतली हवा वर ओढली जाईल. मग धूर खालून आत शिरून सरळ वर निघाला व जाळीतून बाहेर गेला. इतके सुंदर काम मी पाहिले नव्हते. धुराचा वास पूर्ण गेल्यावरच त्यांनी जुरागानला आत ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून आकडा रात्री चढू लागला आणि दिवसा उतरू लागला. सकाळच्या फवाऱ्यानंतर न्याहारीपर्यंत पाने कोरडी होत. मांग इकिन यांनी औषध देण्यासाठी बांबूची एक गुळगुळीत पट्टी तासली होती. ती जुरागानच्या ओठांमध्ये सरकवताना ते दर वेळी म्हणत, "माफ करा, जुरागान. चूक आमची, शिक्षा तुम्हाला." जुरागान फुसकारत असे. पुढे तो फुसकारेनासा झाला, तेव्हा मांग इकिन यांना त्याचे फुसकारणे आठवू लागले.

"आता सगळं बरोबर आहे ना, च्यू?" ते विचारीत.

"आहे."

"खालून येतो, वरून जातो. तुम्ही पाहिलाय धूर."

"पाहिलाय."

"मग हा का ऐकत नाही?"

येयेतचे संदेश रोज येत. औषध घेतो का? मांग इकिन एका बोटाने उत्तर लिहीत: घेतो. खातो का? याचे उत्तर ते बराच वेळ लिहीत नसत, आणि मग लिहीत: थोडे. खोळीबद्दल त्यांनी तिला काही सांगितले नव्हते.

दादुन यांना मित्राची अवस्था पाहवत नव्हती. ते एके सकाळी म्हणाले, "कांग, एक सांगू? बाजारात असले हिरवे मिळतात. तसलाच एक आणून ठेवा. फोनात सगळे सरडे सारखेच."

"ती ओळखेल."

"कशावरून ओळखेल?"

"तू तुझे पक्षी ओळखत नाहीस?"

दादुन यांनी डोके खाजविले. "ओळखतो," ते म्हणाले. "खोकल्यावरूनसुद्धा ओळखतो."

तरीही मांग इकिन त्याच दुपारी बाजारात गेले. परत आले ते रिकाम्या हाताने. "एक होता," त्यांनी मला सांगितले. "अगदी असाच. तुऱ्यावर पट्टासुद्धा तसाच. मी वाकून बघितलं, तर त्याचा एक डोळा फिरला आणि माझ्यावर थांबला. मी तिथून पळालो, च्यू. या वयात पळालो."

रविवारी सकाळी जुरागान खालच्या फांदीवर मेलेला सापडला. मुठी फांदीवर घट्ट होत्या, त्या सोडविण्यास वेळ लागला. एक बाजू काळी आणि दुसरी फिकट हिरवी झाली होती. वर पंखा चालू होता, पाने कोरडी होती, डबीवरचा आकडा जसा असावा तसा होता. मांग इकिन यांनी त्याला केळीच्या पानावर ठेवून टोपलीने झाकले. पुरायला ते तयार होईनात.

"तिनं बघायला मागितला तर?" ते म्हणाले.

दुपारभर ते ओसरीवर बसले. मी समोर बसले होते. दादुन आले, त्यांनी काढ्याचा पेला ठेवला, काही थट्टा करावी म्हणून तोंड उघडले आणि न करताच निघून गेले. मांग इकिन दोन-तीन वेळा म्हणाले, "काय सांगायचं ते मी पाठ केलंय." मी ऐकते म्हटले तर त्यांनी मान हलविली.

"माझ्याकडे तेवढंच होतं, च्यू," ते म्हणाले. "तिच्याशी बोलायला."

नमाज झाली. फोन वाजला. त्यांनी तो स्टुलावर ठेवला, परंतु चित्र दिसेल असा उभा केला नाही; छताकडे तोंड करून आडवा ठेवला.

"अबाह, काही दिसत नाहीये. नुसती कौलं दिसतायत. दाखवा ना त्याला."

"येयेत, तो गेला."

पलीकडे कोठेतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला.

"कधी?"

"आज सकाळी."

"औषध देत होता ना?"

"देत होतो. उशिरा पडलं." मांग इकिन यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी पिंजऱ्यावर प्लास्टिक लावलं होतं. चारी बाजूंनी. वरूनसुद्धा."

"प्लास्टिक? का?"

"वारा शिरू नये म्हणून."

"अबाह, मी जाताना सांगितलं होतं. दर रविवारी विचारत होते."

"विचारत होतीस."

"मग?"

"मला वाटलं, लागू देऊ नका म्हणतेस. वाऱ्याला जपा म्हणजे." त्यांचा आवाज इतका लहान झाला की त्यांना फोनवर वाकावे लागले. "मी जपलं गं. खूप जपलं."

येयेतच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मी आजही सांगू शकत नाही. नंतर ती म्हणाली, "पानांवर दुपारीसुद्धा पाणी दिसायचं. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी आत्ताच फवारा मारला असेल. चांगलं दिसावं म्हणून."

मी उठून जावे असे मला वाटत होते. परंतु मांग इकिन यांनी माझ्याकडे पाहिले, म्हणून मी बसून राहिले. पलीकडे त्या वृद्ध बाईंची हाक आली. एकदा, पुन्हा एकदा.

"आजी बोलावतायत," येयेत म्हणाली. "ठेवते, अबाह."

"येयेत."

"काय?"

"पुढच्या रविवारी पण फोन कर. दाखवायला माझ्याकडे काही नाही. तरी कर."